दोन वायरींची अदलाबदल

तीस वर्षं मी पाण्याच्या मोटरींचं वायंडिंग केलं. कसबा बावड्याला दुकान होतं. नदीवरची मोटर जळाली की शेतकरी ती गाडीत घालून आणायचे आणि ती पुन्हा पाणी ओढायला लागेपर्यंत माझं डोकं खायचे. त्या धंद्यात एक गोष्ट हाताला बसली ती कायमची. थ्री फेजची मोटर उलटी फिरायला लागली तर फार विचार करायचा नसतो. तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, मोटर सुलटी. शेतकऱ्याला जादू वाटते आणि आपल्याला चहा मिळतो.

गुडघे गेले तसं दुकान बंद केलं आणि शिवाजी पेठेतल्या घरात बसून राहिलो. बसवत नाही म्हणून कॉम्प्युटरच्या मागे लागलो. कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं मशीनवरचे जुने छोटे कॉम्प्युटर काढून टाकले होते. त्यातले चार बोर्ड मी भंगारवाल्याकडून उचलून आणले. अजून दहा वर्षं चालतील असा माल लोक टाकून देतात, याचा मला मनापासून राग येतो. बायको म्हणाली, "एक भंगार दुकानातनं गेलं, दुसरं घरात आलं."

तिचा स्वतःचा उद्योग मात्र माझ्यापेक्षा कामाचा होता. आमच्या गल्लीत एक तरुण राहतो, जन्मापासून आंधळा. सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसतो. वयाची अट संपत आलेली, म्हणजे यंदाची संधी शेवटची. त्याची पुस्तकं ती मोठ्यानं वाचून आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायची. दीड वर्षाचं वाचन साठलं होतं. त्याच्या मोबाईलमध्ये जागा कमी, म्हणून ऐकून झालं की तो पुसायचा आणि पुढचं भरून न्यायचा. सगळं एकत्र होतं ते फक्त आमच्या हार्ड डिस्कवर.

परीक्षेला महिना उरला आणि आता उजळणी करायची, तर एका सकाळी कॉम्प्युटर चालूच होईना. त्याचा बोर्ड गेला होता. डिस्क शाबूत होती. गल्लीतला तो पोरगा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, दुकानात टाकूया काय?"

"दुकानात कशाला? माझ्याकडं चार बोर्ड पडल्यात की."

भंगारातल्या बोर्डावर डिस्कच्या पॉवरसाठी चार पिनांचं एक पांढरं सॉकेट होतं. त्याला बसेल अशी तयार वायर मिळेना, म्हणून मी घरीच केली. पिवळी बारा व्होल्टची, लाल पाच व्होल्टची आणि दोन काळ्या. चालू केलं. स्क्रीनवर अक्षरं आली, पण डिस्क सापडत नाही म्हणून सांगू लागलं. डेटा केबल बदलली. सॉकेट ब्रशनं पुसलं. बोर्डही दुसरा लावून बघितला, तेच. मग डिस्कला हात लावून बघितलं. ती फिरतच नव्हती.

इथं शहाण्या माणसानं व्होल्ट मोजायचा मीटर लावला असता. मीटर माझ्या उशाशीच होता. पण फिरत नाही म्हटल्यावर माझा हात तीस वर्षांच्या सवयीनं चालला. पिवळी आणि लाल वायर प्लगमधून उपसली, एकमेकींच्या जागी नीट दाबून बसवली आणि बटण दाबलं. चट् असा बारीक आवाज झाला, डिस्कखालून धुराची एक रेघ निघाली आणि सगळं थंड.

मग मीटर लावला. आधीच्या वायरी बरोबरच होत्या. फक्त पिवळीची पिन प्लगमध्ये पूर्ण बसली नव्हती, त्यामुळं टेकत नव्हती. मी ती आता घट्ट टेकवली होती, पण चुकीच्या जागी. पाच व्होल्ट जायचे तिथं बारा गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बायको भाजी घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "डिस्क गेली. जुनी होती." एवढंच. खोटं बोलायला मला फारसं जड गेलं नाही, हे आजही आठवलं की लाज वाटते. पोरानं मला उलट धीर दिला. "मशीन हाय काका, जायाचंच. तुमचा काय दोष?"

त्याच संध्याकाळी बायकोनं पहिलं पुस्तक काढलं आणि त्याला समोर बसवून पहिल्या पानापासून वाचायला लागली. सकाळ-संध्याकाळ वाचत होती. तिसऱ्या दिवशी तिचा घसा बसला. हळद-दूध घेऊन चौथ्या दिवशीही वाचलं. मी शेजारी बसून पंखा कमी-जास्त करत होतो.

पाचव्या दिवशी राहवलं नाही. डिस्क खिशात घालून मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं गेलो. त्यानं डिस्कखालची पट्टी काढून भिंगाखाली धरली आणि तिळाएवढा एक काळा ठिपका दाखवला. "ह्यो जळलाय. जादा व्होल्टेज आलं की ह्यो आधी मरतोय आणि बाकीचं वाचवतोय. तुमच्या मोटरीच्या फ्यूजवाणी. पर येवढं व्होल्टेज आलं कुठनं, पावणं?"

"ह्यो काढला तर डिस्क चालंल काय?" मी विचारलं. त्यानं चिमट्यानं ठिपका उचलून काढला. घरी येऊन पिवळी-लाल मूळ जागी लावली, मीटरनं दोनदा तपासली, मग बटण दाबलं. डिस्क फिरली. फायली दिसल्या. मला रडू यायचं बाकी होतं.

नीट वाजतात का बघायला एक फाईल लावली. धडा संपला होता, पण रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं होतं. पोराचा आवाज आला, "काकू, ह्याची एक कॉपी दुसरीकडं ठेवूया काय?"

"कशाला? आमचं हे हायत की घरात. आजवर त्यांच्या हातनं कुणाची मोटर जळली न्हाय."

मी ते बंद केलं. आधी सगळ्या फायलींच्या दोन कॉप्या काढल्या. मग बाहेरच्या खोलीत गेलो. पोरगा पाटावर बसला होता, बायको बसक्या आवाजात वाचत होती.

"थांब," म्हणालो. "डिस्क चालू झाली, सगळं हाय. आणि ती आपोआप गेली नव्हती. मीटर न लावता वायरी बदलल्या. मी जाळली."

पोरगा हसला. म्हणाला, "सापडलं न्हवं? मग झालं की काका."

बायको हसली नाही. पानात बोट घालून तिनं पुस्तक मिटलं. घशातून आवाज निघत नव्हता, तरी मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"जळली त्याचं काय न्हाय. चार दिस घसा बसस्तवर वाचलं मी. तवा तुम्ही हितंच बसला हुता."