पिंजाऱ्यानं निवडलेलं धनुष्य

कापसाच्या भावासाठी आपण रस्ते अडवले. पण कापूस पिंजणाऱ्याचं काय झालं, हे तुम्ही कधी विचारलं का?

मूर्तिजापूरच्या वाहेदचाचांना कोणीच विचारलं नाही. चाळीस वर्षं खांद्यावर पिंजायची कमान घेऊन ते गावोगाव फिरले. गल्लीत शिरताना तिची तात, म्हणजे ताणलेली दोरी, बोटानं ठणकावायची, की बायका जुन्या गाद्या घेऊन दारात हजर! २००६ पर्यंत खेड्यापाड्यात फोमच्या गाद्या आल्या आणि कमान खुंटीला लागली. त्याच साली बायको अनीसा गेली. मुलगी रईसा अमरावतीला. घरात बोलायला उरल्या भिंती.

अशात रईसाच्या मुलीचा, तुबाचा फोन आला. वय वर्षं आठ.

"नाना, मले धनुष्य घ्याचं हाये. तुमीच या. तुमाले कमानीतलं समजते."

चाचा इस्त्रीचा कुरता घालून पहिल्या एस.टी.नं निघाले.

मैदानावर तिरंदाजी शिकवणाऱ्या प्रणालीताईनं दोन धनुष्यं पुढं ठेवली. एक हलकं, एक उंच आणि कडक. चाचांनी कडक उचललं.

"हे घेतो. लेकराले वाढत्या अंगाचं घ्या लागते. फ्राक बी मी तसाच घेतो."

पोटातली गोष्ट वेगळी होती. आत्ता तिला ते झेपणार नाही, तोवर आपल्या खुंटीवर राहील. ताकद आली का पाहायला पोरगी दर सुट्टीत येईल.

सवयीनं त्यांनी दोरी ओढली आणि रिकामीच सोडली. ठण्!

"चाचा! बाण न लावता सोडता कावून? मोडते ना धनुष्य!" प्रणालीताई ओरडली.

"चाळीस वर्सं रिकामीच ठणकावली, बाई. एकबी नाई मोडली."

सरावाला आलेल्या पोरी फिदीफिदी हसल्या. चाचांचे कान तापले. हट्टानं त्यांनी तेच धनुष्य तुबाच्या हाती दिलं. तिनं ओढलं. खांदा कानाला टेकला, हात लटलटला.

"येते मले, नाना," ती ओठ चावत म्हणाली. नानांनी निवडलेलं ना!

चाचांचा हात आपल्या उजव्या खांद्यावर गेला. नवव्या वर्षी बापानं मोठ्यांची कमान दिली होती, तेव्हापासून तो खांदा खालीच आहे. त्यांनी हलकं धनुष्य तिला दिलं. तिनं दहादा ओढलं. खांदा जागचा हलला नाही.

"हेच. अन् हे तुयाजवळच ठेव."

"मंग मी सुट्टीत तिकडं काय करू? तुमच्याकडं निशाणा कुठी हाये?"

"भरतो, बेटा."

घरी येऊन त्यांनी कमान उतरवली. उरलासुरला कापूस पिंजला, गच्च गादी भरली, अंगणात भिंतीला उभी केली, वर कागदाचा गोल डकवला. त्याला दोन दिवाळ्या झाल्या. गादीला बाणाचं एक भोक नाही. चिमण्या तेवढ्या शिवणीतून कापूस ओढून नेतात. फोनवर चाचा एवढंच म्हणतात, "सराव चालू दे, बेटा." गादीचा विषय काढत नाहीत. पिंजाऱ्याचा ताठा आहे तो, मला ठाऊक आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो. अमरावतीच्या मैदानावर तुबा दिसली, तर तिला थांबवा आणि सांगा, नानांची गादी कधीची भरून झाली आहे.