पाचवे तात्या

आमच्या पाचवे तात्यांची ओळख करून घ्यायची, तर आधी ते मेले आहेत हे मान्य करावे लागे. नगरहून पारनेरला जाणारी सडक आमच्या गावात चावडीला खेटून जायची. त्या चावडीच्या भिंतीत, सडकेवरून दिसावा असा एक काळा दगड सरकारने पहिल्या महायुद्धानंतर बसवला होता. ‘या गावातून मोठ्या लढाईस एकवीस माणसे गेली, पैकी पाच मेली,’ एवढाच त्यावर मजकूर. नावे नाहीत. बैलांना पाणी दाखवायला कोणी गाडीवान थांबला, की तात्या पुढे होत, पागोटे सारखे करत आणि छातीवर हात ठेवून म्हणत, “राम राम पाव्हनं. ह्यातला पाचवा मी.”

मी तिथे मास्तर म्हणून गेलो तेव्हा दुसरी लढाई चालू होती. तात्यांनी मलाही तसाच रामराम घातला आणि माझी उडालेली त्रेधा पाहून पोट धरून हसले. झाले होते ते असे : बसऱ्याकडच्या लढाईत तात्या तुर्कांच्या कैदेत सापडले आणि पलटणीने त्यांना मेल्यांत धरले. लढाई संपली, घरच्यांनी दहावे-तेरावे उरकले, दगडही बसला आणि मग एके दिवशी हाडांचा सापळा झालेले तात्या सडकेने चालत आले. “पाटलानं दगड वाचून दावला. म्हनला, तू ह्यात हायेस, आता घरी जाऊन काय करतोस?” हे सांगताना त्यांना दर वेळी नव्याने हसू येई.

या मरणाचा त्यांनी पुरेपूर फायदा उठवला. हनुमान जयंतीची वर्गणी मागायला जावे, तर “मेलेल्या मानसाकडं काय मागता, मास्तर?” जावळाच्या जेवणाला मात्र मेलेला माणूस पहिल्या पंगतीला हजर. दगड ते रोज धुऊन काढत. चावडीच्या भिंतीवर बायका गोवऱ्या थापायच्या. एखादीची गोवरी चुकून दगडावर आली, की तात्या काठी घेऊन धावत. “माझ्या तोंडावर श्यान थापतीस व्हय गं?” बायका पदर तोंडाला लावून हसत पळत.

एकदा जमाबंदीला मामलेदार आले तेव्हा तात्यांनी अर्ज केला, की दगडावर पाचाचे चार करून मिळावेत. मामलेदार म्हणाले, “अहो, दगडावरचं खोडता येत नाही. इतकी वर्षं थांबलात, आणखी थोडी थांबा. आकडा आपोआप बरोबर होईल.” साहेबाचा हा विनोद तात्या स्वतःच रंगवून सांगत. मला मात्र त्या मामलेदाराचा संताप येई.

तात्यांचा एकुलता एक मुलगा किसन ब्रह्मदेशच्या लढाईवर होता. त्याची आई तो लहान असतानाच गेलेली. घरात तात्या आणि सून सगुणा, दोघेच. लग्न झाल्यावर वर्ष भरायच्या आत किसन भरती झाला होता. एका दुपारी नगरच्या छावणीतून एक हवालदार सायकलीवर आला आणि त्याने निरोप सांगितला : किसन बेपत्ता आहे, मेला असेच धरून चालावे. सगुणा उंबऱ्यातच बसली. तात्या मात्र हसले! चावडीपर्यंत हवालदाराला ओढत नेऊन त्यांनी त्याचा हात दगडावर ठेवला. “हितं मला बी मारलंय सरकारनं. सरकारची मानसं मरत्यात आन् परत येत्यात. जावा, ताक पिऊन जावा.” त्या हसण्याने आम्हा सगळ्यांना धीर आला. त्या दिवशी मीसुद्धा सगुणेला सांगितले, की तात्या म्हणतात ते खरे होईल.

लढाई संपली. आसपासच्या गावांतली पोरे ट्रंका आणि कांबळी घेऊन परत आली. तात्या प्रत्येकाच्या घरी जाऊन किसनची चौकशी करून आले. कोणी म्हणे पाहिला नाही, कोणी नुसताच पाण्याचा तांब्या पुढे करी. गावातल्या लोकांनी तात्यांना ‘पाचवे’ म्हणणे हळूहळू सोडून दिले, पण तात्या सोडीनात. दगड धुणे चालूच होते.

मग सगुणेचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिचे दुसरे लग्न होते. स्थळही चांगले चालून आले होते. पण नवरा मेला हे सासऱ्याने पंचांपुढे कबूल केल्याखेरीज पाट लागणार कसा? चावडीत माणसे जमली. भाऊ हात जोडून म्हणाला, “तात्या, आनखी किती थांबायचं? तिचं वय बघा.” तात्या खाली बघून मातीत काडीने रेघा ओढत राहिले. शेवटी सगुणा, जी कधी चावडीची पायरी चढली नव्हती, ती खांबाआडून बोलली, “मामंजी, काय ते एकदा सांगा. सकाळी कुंकू लावताना हात थांबतो माझा.”

पाटील माझ्या कानाशी लागले आणि तात्यांनी कधीच न सांगितलेला भाग मला तेव्हा कळला. तात्या कैदेतून परत आले, तोवर त्यांच्या पहिल्या बायकोचा राहुरीकडे पाट लागला होता. ते त्या गावाच्या शिवेपर्यंत गेले. कडेवर मूल घेऊन ती विहिरीवर आलेली दिसली, तसे मागे फिरले. किसनची आई ही त्यानंतरची.

तात्यांनी हातातली काडी टाकून दिली. मग तात्या म्हणाले, “गेला. किसन गेला माझा. लिवून घ्या.” एवढे बोलून ते उठले. बायका सगुणेकडे वळल्या, तशी तात्यांनी काठी आडवी धरली. “बांगड्या फोडू नगा. पोर दुसऱ्या घरी चाललीय, हाय तशी जाऊ द्या.” तिने पायांवर डोके ठेवले आणि कितीतरी वेळ उचललेच नाही. मला ते पाहवेना. मी उगाच गाडीचे जू धरून उभा राहिलो.

त्यानंतर तात्या चावडीकडे फिरकले नाहीत. दगडावर धूळ बसली, मग गोवऱ्याही लागल्या. मी कधी भाकरी घेऊन जाई. थोडी खात, थोडी तशीच ठेवत. माझी बदली झाली तेव्हा मात्र ते काठी टेकत मला सडकेपर्यंत पोचवायला आले. सर्व्हिस मोटार आली, माझी वळकटी टपावर चढली. तात्यांनी माझा हात धरला.

“मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. मी आलो तवा बायकूचा पाट लागल्याचं मला आईनं सांगितलं हुतं. डोकं मांडीवर घिऊन सांगितलं. आता किसन आला तर त्याला सांगाया मीच हाय. म्या त्याला काय सांगू?”

तो येणार नाही, एवढे एकच उत्तर होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला आणि तात्या माझा हात सोडीनात.