बंद दुकानात चालू झालेलं कार्ड

भूत, भानामती, चकवा... यातलं काहीच मी मानत नाही. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे, आमच्या घरी कधी कुणाची दृष्टसुद्धा काढली नाही. या पानावरचे अनुभव मी आवडीने वाचते आणि चहाचा कप ठेवता ठेवता विसरून जाते. खाली लिहितेय ते मात्र विसरता आलं नाही. यात भूतबित काही नाही, आधीच सांगते. एक दुकान आहे, एक मशीन आहे आणि एक प्लास्टिकचं कार्ड.

दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. वर्ध्यात मेन रोडवर कपड्यांचं एक मोठं दुकान नवीनच उघडलं होतं. तीन मजली, एसी, मुख्य ऑफिस नागपूरला. मी तिथे बिलिंग काउंटरवर होते. त्या दिवाळीच्या आधी आमच्याकडे गिफ्ट कार्डं आली. वर्ध्यात तेव्हा हा प्रकार कुणाला माहीत नव्हता, त्यामुळे प्रत्येकाला समजावून सांगावं लागायचं — कार्ड असं नुसतं कोरं असतं. तुम्ही पैसे दिले की मी ते मशीनमध्ये स्वाइप करणार, माझा कोड टाकणार, नागपूरहून मंजुरी येणार, चिठ्ठी निघणार. मग ते चालू. त्याआधी त्याची किंमत शून्य.

एका दुपारी एक काका आले. आर्वीच्या एसटी डेपोतून रिटायर झालेले मेकॅनिक, आडनाव भगत. पांढरा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं. कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"पोरीसाठी पाह्यजे, बाई. सेवाग्रामले नर्स हाये ते. मी साडी नेली तं घेणार नाई. याच्यातून तिले जे पाह्यजे ते तिनं घ्यावं."

"चांगलं आहे ना काका. स्वतः येईल, पसंत करेल."

ते जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "याच्यातून माणसाचे कपडेबी घेता येते न? जावयासाठी?"

"दुकानात कुठलंही, काका."

"मंग झालं." मग आपणहूनच सांगितलं, "मनानं लगन केलं तिनं. तवापासून मी बोललो नाई. आता नात झाली म्हणते."

त्यांनी पैसे पुढे केले. मी कार्ड स्वाइप केलं, कोड टाकला... कनेक्शन नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नागपूरची लाइनच बंद होती. बराच वेळ वाट पाहिली, त्यांची बस निघायची वेळ झाली. शेवटी मी पैसे त्यांच्या हातात परत दिले. त्यांनी ते घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलेले मी बघितले.

"उद्या येतो. हेच कार्ड बाजूले ठेवजो," ते म्हणाले. मी ते माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि कुलूप लावलं. चावी नेहमीसारखी पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेबांचा फोन आला. आमच्या लाइनचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, जनरेटर आधीच दुरुस्तीला गेलेला. दुकान उघडणार नव्हतं. आयती सुट्टी मिळाली म्हणून मी आईसोबत केळझरच्या गणपतीला गेले. संध्याकाळी परत आलो. काकांची चक्कर वाया गेली असेल, एवढं मनात येऊन गेलं.

पण काका त्यानंतरही आले नाहीत. कार्ड तसंच ड्रॉवरमध्ये पडून राहिलं.

मग एक दिवस कडेवर लहान मुलगी घेऊन एक बाई काउंटरवर आली. "इथं आर्वीच्या एका काकांनी कार्ड ठेवायला सांगितलं होतं का?"

"हो, हो. काका नाही आले?"

"बाबा गेले."

ती सांगत राहिली. काका वर्ध्याला यायला म्हणून तयार झाले होते. शर्ट घातला, चपला घातल्या, जरा बसतो म्हणून खाटेवर टेकले... तिथेच. दुकान बंद होतं, त्याच दिवशी सकाळी.

"बाबांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला काल. खिशातले पैसे आईनं तसेच ठेवले होते. मले म्हणे, तुह्या बाबानं तुह्यासाठी काढलते. जाय, घेऊन ये." तिने नोटा काउंटरवर ठेवल्या. घडी तशीच होती.

मी ड्रॉवरचं कुलूप काढलं, कार्ड घेतलं, स्वाइप केलं. मशीनवर आलं — कार्ड आधीच चालू आहे.

वाटलं, चुकीचं कार्ड घेतलं. पण ड्रॉवरमध्ये दुसरं कार्डच नव्हतं. शिल्लक बघितली. काकांनी सांगितली होती तेवढीच रक्कम, पूर्ण.

मी मॅनेजरसाहेबांना बोलावलं. त्यांनी नागपूरला फोन लावला आणि ऐकता ऐकता माझ्याकडे बघू लागले. कार्ड चालू झालं होतं दुकान बंद होतं त्या दिवशी, दुपारी. आमच्याच काउंटरवरून, माझ्याच कोडने. पैसे रोख जमा.

"तू आली होतीस का त्या दिवशी?"

मी घाबरले. भीती भुताची नव्हती, नोकरीची होती. "सर, मी केळझरला होते, आईसोबत. आणि शटरची चावी तर तुमच्याकडे असते."

"लाइट पण नव्हती," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

ती बाई ऐकत होती. "दुपारी किती वाजता?" तिने विचारलं.

साहेबांनी वेळ सांगितली. ती बाजूच्या स्टुलावर बसली.

"मी तेव्हाच घरी पोचली," ती म्हणाली. "सगळे माझ्यासाठी थांबले होते, म्हणून घड्याळ पाह्यलं होतं मी. लग्नानंतर पहिल्यांदा गेलती त्या घरात."

मग मी तिला जावयासाठी कपडे येतील का, हे काकांनी विचारल्याचं सांगितलं. तोपर्यंत ती रडली नव्हती.

साहेबांनी पैसे घेतले नाहीत. नोंद जमा दाखवत होती, पुन्हा कसे घेणार? तिने त्या कार्डावर नवऱ्यासाठी शर्ट घेतला, पोरीला फ्रॉक, स्वतःला साडी. बिल मीच केलं. नोटा तिने त्याच घडीने पर्समध्ये ठेवल्या.

पुढे नागपूरहून सिस्टीमचा माणूस आला. दिवसभर मशीन तपासून म्हणाला, घड्याळाची गडबड असेल. मी विचारलं, मग नक्की कधी चालू झालं? काका समोर उभे असताना तर झालं नव्हतं. तो म्हणाला, ते सांगता येणार नाही. हिशेबात कुठे तूट निघाली नाही, त्या कार्डाचे पैसेही रोकडीत बरोबर भरले, म्हणून माझी नोकरी राहिली आणि विषय तिथेच थांबला.

आता ते दुकानही नाही. माझा भाऊ कॉम्प्युटरमध्ये आहे, तो म्हणतो काहीतरी टेक्निकल असणार. असेलही. वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा मशीनवर काम केलं असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. मी खात्रीने सांगू शकते ती एकच गोष्ट... ते कार्ड मी चालू केलेलं नाही.