रुमालाखालचं एक बोट
ज्यांच्यासाठी पत्रक लिहिता, त्यांना आधी काही विचारता का? पत्रकं डकवायच्या खळीचा वास आला की मला निजामाच्या अमलातला उमरग्याचा बैलबाजार आठवतो. सक्तीच्या लेव्हीचं धान्य सरकारला देऊ नका, असं पत्रक आम्ही काढणार होतो. लोक तयार नसतील तर मार त्यांनाच बसेल, म्हणून आधी त्यांचं मन जाणून घेऊ, असं मी म्हणालो. आमचे म्होरके हसले, "विचारायचं काय? आपण सांगायचं!" तरी मी गेलो. शेणाचा, ओल्या कडब्याचा वास आणि गर्दीत फिरणारे पोलीस. उघड कोण बोलणार? पण बैलाचा भाव तर रुमालाखाली बोटं दाबूनच ठरतो. ओळखीच्या बैल-व्यापाऱ्याला मी गळ घातली. तो गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली घेऊन पुटपुटायचा, "लेव्ही देनार नसाल तर एक बोट दाबा, पाव्हनं." पोलीस जवळ आला की ओरडायचा, "लई कमी सांगता, मालक!" संध्याकाळी तो म्हणाला, "बहुतेकांनी एकच बोट दाबलं. पर जो तो इचारतोय, बाकीचे काय म्हंत्यात?" आधी लिहून ठेवलेला पत्रकाचा मसुदा मी तिथंच फाडला. निर्धार लोकांनी आधीच केला होता. फक्त शेजाऱ्याचा निर्धार त्यांना ठाऊक नव्हता. नव्या पत्रकात आम्ही तेवढंच छापलं : 'लेव्ही न देणारे तुम्ही एकटे नाही.' त्या हंगामात आमच्या भागातून लेव्हीच्या गाड्या रिकाम्या परतल्या. आजही मी तशीच पत्रकं लिहितो, आणि तुम्हीही लिहिता. पुढचा मजकूर छापखान्यात देण्याआधी लोकांत जा, आणि त्यांना न भिता उत्तर देता येईल अशा रीतीनं विचारा.