ऑलिव्हने तोडलेला गुलाब

ऑलिव्ह टॅपरचं घर बिस्किटांच्या डब्यावर छापून आलं होतं. गवताने शाकारलेलं छप्पर, बुटकं दार आणि अख्ख्या भिंतीवर पसरलेला गुलाबाचा वेल. आत राहणाऱ्या ऑलिव्हचा फोटो मात्र कुणी कधी काढला नाही. ती शाळेत पोरांना जेवण वाढायची, अंगाने जाडजूड होती आणि तोंडाची भलती फटकळ. "घर आवडलं ना? मग आत या आणि भिंतीची ओल तेवढी घालवून द्या," असं पाहुण्यांना तोंडावर सुनवायची.

जून उजाडला की आमच्या नेदरकोम गावाला सुंदर गावाच्या स्पर्धेचं वेड लागायचं. परीक्षक न सांगता येत. म्हणून महिनाभर पुढच्या अंगणात कुणी कपडे वाळत घालायचे नाहीत, कचऱ्याचे डबे मागे दडवायचे. एकदा तर विम्याच्या माणसाला परीक्षक समजून आम्ही तीन घरी केक खाऊ घातला होता! समितीची चिटणीस मी. दोन वर्षं लागोपाठ जिंकलो होतो. तिसऱ्यांदा जिंकलो असतो तर बक्षिसाचा फलक कायमचा आमचा. आता त्या स्पर्धेचं कुणी नावही काढत नाही. मला मात्र जूनमध्ये अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं.

त्या तिसऱ्या साली ऑलिव्हच्या नवऱ्याने, आल्फने, अंथरूण धरलं. जिना चढवेना, म्हणून त्याची खाट खाली पुढच्या खोलीत आणली होती.

एका सकाळी पाहते तो काय, ऑलिव्ह शिडीवर, हातात करवत आणि ऐन बहरातला निम्मा वेल खाली धुळीत. माझं डोकंच फिरलं.

"ऑलिव्ह! अगं, शुद्धीवर आहेस ना?"

"खिडकी पार झाकली होती, हिल्डा. आल्फला मैदान दिसत नव्हतं. शनिवारी क्रिकेट आहे."

त्या मैदानाची खेळपट्टी आल्फने तीस वर्षं राखली होती. हे ठाऊक असूनही मी म्हणाले, "पंधरा दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? तोवर परीक्षक येऊन गेले असते."

ती सावकाश खाली उतरली. दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे होते.

"मी थांबले असते गं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, तो नाही थांबायचा."

मला स्वतःचीच लाज वाटली. खिडकीवर एक जाड फांदी अजून आडवी होती. मी तिच्या हातातली करवत घेतली आणि शिडी चढले.