ज्योत्स्ना टॉकीजचा उतार

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर गुढियारीच्या कमलाबाई खोब्रागडेंनी रायपूरमधल्या बंद पडलेल्या टॉकिजा शोधायला घेतल्या. त्या वहीत टिपून ठेवायच्या, नात रुचिता फोटो काढायची. ज्योत्स्ना टॉकीजच्या जागी आता गाद्यांचं दुकान होतं, पण इथं टॉकीज होती हे तिथला तरुण मालक काही केल्या मानेना.

"आंटीजी, यहाँ तो गोदाम था."

"थांब, तुले दाखवते," म्हणत कमलाबाईंनी भाजीच्या पिशवीतलं लिंबू काढून दाराशी जमिनीवर ठेवलं. लिंबू आपोआप घरंगळलं, गाद्यांमधून वाट काढत एका गिऱ्हाइकाच्या पायांमधून निसटलं आणि थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आपटलं.

"टॉकीजची जमीन पडद्याकडे उतरतीच असते, भैया. पडदा तिथं होता!"

"तभी हमारी ट्रॉली रोज उधर भागती है!" असं ओरडून मालक पोट धरून हसायला लागला आणि आणखी एक लिंबू मागू लागला. नोकर आणि गिऱ्हाइकंही भोवती जमली.

"लेडीज क्लास कहाँ था?" एका बाईनं बायकांची बसायची वेगळी जागा विचारली.

कमलाबाईंनी ती जागा दाखवली आणि सगळ्यांना गाद्यांवर ओळीनं बसवलं. स्वतः मधोमध बसून त्यांनी कोऱ्या भिंतीकडे पाहिलं आणि तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली, की रस्त्यावरचे लोक आत डोकावले.

"आजी! आपको सीटी आती है?" रुचिता किंचाळली.

"हव! हिरो आला पोट्टे, मी गप काहून बसू?"

तेवढ्यात मालकानं हौसेनं दुकानातले सगळे दिवे मालवले, आणि मागच्या ओळीतून दुसरी शिट्टी आली.