चोवीस पावलांचं मैदान

मंगळवारी सकाळी शिरूरच्या कॉलेजात, ग्रंथालयात काम करत असताना, मला फोन आला. सीमेवरच्या लढाईत माझा भाऊ गेला होता. मी रजिस्टर मिटलं आणि गावाची, केंदूरची एसटी धरली.

तो सैन्यात होता, पण गावाला तो कबड्डीवाला म्हणूनच माहीत होता. खेळला ते सगळं हौसेनं. रजा मंजूर झाली की पहिला फोन संघाला, दुसरा घरी. दौंडला रेल्वेतून उतरला की तिथल्या ओळखीच्या मैदानावर एखादा डाव खेळूनच पुढे निघायचा आणि गुडघे सोलून घरी पोचायचा. आई घाबरून विचारायची, "तिकडं लागलं का रं?"

"न्हाई, दौंडात."

गावातलं मैदान त्यानंच आखलं होतं, भरती होण्याच्या आदल्या वर्षी. टेप नव्हती. मधल्या रेषेपासून टाचेला अंगठा भिडवत त्यानं चोवीस पावलं मोजली. एक बाजू पुरी झाली तोवर आप्पा, म्हणजे आमचे वडील, तिथं आले.

"मैदानात चपला घालून फिरतोस? काढ आधी."

आमच्याकडे मैदानात उतरताना माती कपाळाला लावतात. चपला बाहेर राहतात. त्यानं निमूट चपला काढल्या आणि दुसरी बाजूही चोवीसच पावलं मोजली, अनवाणी. चार कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या. ही दुसरी बाजू हातभर आखूड झालीय, हे पहिल्या सामन्यात सगळ्यांना कळलं. मित्रांनी फार चिडवलं.

"अर्ध्या वेळानं बाजू बदलत्यातच की," तो म्हणायचा. "दोघांचंबी सारखंच नुकसान."

दर वर्षी त्याच खुंट्यांना दोरी बांधून फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारल्या जायच्या. चूक कुणी दुरुस्त केली नाही.

तो गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मित्रांनी त्याच्या नावानं स्पर्धा ठरवली. आदल्या दिवशी दुपारी दौंडहून पंच आले. त्यांनी टेप लावली, पुन्हा लावली.

"असल्या मैदानावर मला सामने घेता येणार नाहीत. रेषा सरकवा, नाहीतर स्पर्धा रद्द करा."

सकाळी गावोगावचे संघ यायचे होते. तरी खुंटीला हात लावायला कुणी पुढं होईना. सगळे आप्पांकडे बघत होते. तो गेल्यापासून आप्पा या मैदानाकडे फिरकले नव्हते; त्या दिवशी मीच त्यांना आग्रहानं आणलं होतं. ते उठले आणि घराकडे चालू लागले.

"आक्का, तुमी तरी बोला त्यांच्याशी," संघाचा कप्तान म्हणाला. मला बोलणं कधीच जमलेलं नाही. मी तिथंच उभी राहिले.

आप्पा परत आले ते त्याच्या चपला हातात घेऊन. शेवटच्या रजेहून बूट घालून गेला, तेव्हा उंबऱ्याशी राहिलेल्या. आप्पांनी माती कपाळाला लावली, मधल्या रेषेवर उकिडवे बसले आणि एकीपुढं दुसरी चप्पल हातानं ठेवत आखूड बाजूकडं सरकू लागले. मोजत होते मोठ्यानं. चोवीसला थांबले. पंचांनी वाकून टेप धरली.

"दोन बोटं कमी आहे. चालेल, आप्पा."

"मी काढाय लावल्या नसत्या तर तवाच जमलं असतं," आप्पा म्हणाले. "त्याचं काय चुकलं न्हवतं."

मग कप्तानाला म्हणाले, "नव्या खुंट्या हितं ठोका. जुन्या उपटू नका. खाली बसवा, कुणाच्या पायाला लागायला नको."

दुसऱ्या दिवशी स्पर्धा झाली. आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. "सवय व्हती ना आखूड बाजूची," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोन वर्षांत मी आप्पांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मैदान आता मापाचं आहे. जुन्या दोन खुंट्या मातीत आहेत. चपला आप्पांच्या खाटेखाली आहेत.